एका पेशीत दोन रंग

काळ्या पार्श्वभूमीवर जिवाणू विखुरलेले आहेत. प्रत्येकाचा आकार आखूड कांडीचा, लांबी जेमतेम दोन मायक्रॉन. काही पिवळे, काही हिरवे, काही लाल, तर बरेचसे मधल्या छटांचे. १६ ऑगस्ट २००२ च्या ‘सायन्स’ साप्ताहिकात छापून आलेल्या एका शोधनिबंधातले हे छायाचित्र आहे. निबंधाचे शीर्षक मराठीत सांगायचे तर ‘एकट्या पेशीतील यादृच्छिक जनुकीय अभिव्यक्ती’. लेखक चार: मायकेल एलोविट्झ, अर्नॉल्ड लेव्हाइन, एरिक सिग्गिया आणि पीटर स्वेन. चौघेही तेव्हा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात होते. पानेही चारच.

छायाचित्रातल्या सगळ्या पेशी एकाच पेशीच्या वंशज आहेत. डीएनए तोच, खाद्य तेच, तापमान तेच. तरी रंग वेगळे. इतके तर कोणालाही दिसते. या चित्राची खरी गंमत पुढे आहे. पेशी एकमेकींपासून वेगळ्या का दिसतात, या प्रश्नाची दोन उत्तरे असू शकतात, आणि त्यांपैकी कोणते किती खरे हे या चित्रात रंगांनीच सांगितले आहे. वाचणाऱ्याला एकही समीकरण येत नसले तरी ते वाचता येते. प्रयोगाची मांडणी इतकी पारदर्शक व्हायला ती फार विचारपूर्वक झालेली असावी लागते. मी रसग्रहण करतो आहे ते त्या मांडणीचे.

थोडी पूर्वपीठिका हवी. जनुकात प्रथिन कसे बांधायचे याची माहिती असते. ती आधी संदेशवाहक आरएनएमध्ये उतरते आणि मग त्या आरएनएवरून रायबोसोम प्रथिन बांधतात. हे सगळे मिळून जनुकाची अभिव्यक्ती. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूत सुमारे ४,३०० जनुके आहेत. ती सगळी सर्व काळ सारख्या जोमाने चालत नाहीत. लॅक्टोज ही दुधातली साखर पचवणारी जनुके साखर नसताना बंद असतात, कारण एक दमनकारी प्रथिन डीएनएवर बसून त्यांची वाट अडवते. साखर आली की ते प्रथिन बाजूला होते आणि जनुके चालू होतात. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलेले हे चित्र आज पाठ्यपुस्तकांत आहे. १९६५ चे नोबेल पारितोषिक त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह मिळाले.

पाठ्यपुस्तकातले चित्र मात्र फार शिस्तीचे असते. साखर आली, जनुक चालू. साखर गेली, जनुक बंद. प्रत्यक्ष पेशीत हे दमनकारी प्रथिन जेमतेम दहाएक नग असते. डीएनएवरची जागा एक किंवा दोन. इतक्या थोड्या रेणूंचा कारभार असला की कोणता रेणू कोणत्या क्षणी कुठे आदळतो यावर बरेच काही ठरते. बादलीभर पाण्यातल्या रसायनांना लागू पडणारे सरासरीचे नियम इथे पुरे पडत नाहीत.

आणि अभिव्यक्ती मोजण्याची पद्धत तर सरासरीचीच होती. अनेक दशके पेशी फोडूनच मोजमाप होत असे. कोट्यवधी पेशी एकत्र फोडायच्या, त्यांतला आरएनए किंवा एखादे विकर मोजायचे आणि पेशींच्या संख्येने भागायचे. मिळालेला आकडा खोटा नसतो, पण तो कोणत्याही एका पेशीचा असेलच असे नाही. ॲरन नोव्हिक आणि मिल्टन वाइनर यांनी हे १९५७ मध्येच दाखवून दिले होते. लॅक्टोजच्या याच यंत्रणेला चालना देणारा पदार्थ त्यांनी अगदी कमी मात्रेत दिला. वसाहतीत विकराची पातळी मधलीच दिसत होती. प्रत्यक्षात काही पेशी पूर्ण चालू होत्या, काही पूर्ण बंद. मधली पेशी कुठेच नव्हती. शिवाय फोडलेली पेशी मेलेली असते. ती पुढच्या तासाला काय करणार होती, हे कायमचे हातून जाते.

जिवंत पेशीत मोजायचे तर पेशीनेच आपण होऊन काही खूण दिली पाहिजे. ती खूण मिळाली एका जेलीफिशकडून. ओसामु शिमोमुरा यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रायडे हार्बर इथे जेलीफिश गोळा करून त्यांतली चमकणारी प्रथिने वेगळी केली. त्यांचा निबंध १९६२ चा. त्यातलेच एक हिरवे प्रथिन पुढे जीएफपी या नावाने जगभर गेले. डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये त्याचे जनुक वेगळे करून वाचले. मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये ते जनुक ई. कोलायमध्ये आणि एका सूक्ष्म कृमीत घातले, आणि दोन्ही हिरवे चमकले. रॉजर त्सियन यांनी त्यात बदल करून निळसर, पिवळे असे वेगवेगळे रंग तयार केले. या प्रथिनाचे वैशिष्ट्य असे की चमकण्यासाठी त्याला जेलीफिशचे दुसरे काहीच लागत नाही. त्याच्या २३८ अमिनो आम्लांपैकी लागोपाठची तीन एकमेकांत गुंफून प्रकाश देणारा भाग आपला आपण तयार होतो. फक्त ऑक्सिजन हवा. त्यामुळे ते कोणत्याही जनुकाच्या प्रमोटरला, म्हणजे चालू-बंद ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला जोडता येते. प्रमोटर चालला की पेशी उजळते. पेशी फोडावी लागत नाही, ती वाढत असतानाच तिच्याकडे पाहता येते.

शिमोमुरा, चाल्फी आणि त्सियन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रॅशर त्या वेळी अलाबामातल्या हंट्सव्हिल इथे मोटारींच्या एका दुकानाची गाडी चालवत होते. निधी संपल्यामुळे त्यांनी ते संशोधन सोडले होते, पण सोडण्याआधी जनुकाचे नमुने चाल्फी आणि त्सियन या दोघांनाही पाठवून दिले होते. या दोघांनी त्यांना स्टॉकहोमच्या समारंभाला बोलावले आणि ते गेलेही. जीएफपीवर काहीही लिहिताना प्रॅशर यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला वाटते.

आता मूळ निबंधाकडे. एलोविट्झ यांचे शिक्षण भौतिकशास्त्रातले. प्रिन्स्टनमध्ये स्टॅनिस्लास लाइब्लर यांच्यासह त्यांनी तीन दमनकारी जनुकांचे एक वर्तुळ रचले होते: पहिले दुसऱ्याला दाबते, दुसरे तिसऱ्याला आणि तिसरे पुन्हा पहिल्याला. हे काम २००० मध्ये ‘नेचर’मध्ये आले. ही रचना घातलेले जिवाणू लयीत उजळत आणि मंद होत. पण एका पेशीतून झालेल्या दोन पेशींची लय काही वेळाने एकमेकींशी जुळेनाशी होई. रचना तीच, आई तीच, तरी ताल सुटतो. हा बेतालपणा कुठून येतो, हा प्रश्न त्या कामातूनच उभा राहिला.

सरळ मार्ग असा होता की पेशींत हिरव्या रंगाचे एक जनुक घालायचे आणि कोणती पेशी किती चमकते ते मोजायचे. असे मोजमाप होतही होते. पण त्यातून कारण कळत नाही. एखादी पेशी जास्त चमकली, तर दोन शक्यता उरतात. कदाचित तिच्यात रायबोसोम जास्त असतील, ती आकाराने मोठी असेल किंवा विभाजनाच्या जवळ आली असेल, म्हणजे तिच्यातली सगळीच जनुके जोरात चालत असतील. किंवा पेशी इतरांसारखीच असेल आणि फक्त याच जनुकावर योगायोगाने एखादा आरएनए जास्त बनला असेल. पहिला चढउतार बाहेरचा म्हणू, दुसरा आतला. एका रंगाच्या आकड्यात हे दोन्ही मिसळून गेलेले असतात आणि कितीही पेशी मोजल्या तरी वेगळे होत नाहीत.

चौघांनी केले ते इतकेच: तोच प्रमोटर त्याच पेशीत दोनदा घातला. एकाला निळसर प्रथिन जोडले, दुसऱ्याला पिवळे.

या साधेपणात किती काळजी आहे ते पाहण्यासारखे आहे. दोन्ही प्रथिने जेलीफिशच्या एकाच प्रथिनाची रूपे, म्हणजे त्यांची जनुके जवळजवळ सारखी. प्रमोटर हुबेहूब एक. जनुके प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या सुट्या छोट्या वर्तुळांवर, न ठेवता थेट गुणसूत्रात बसवली, कारण प्लाझ्मिडच्या प्रती पेशीगणिक कमीजास्त असतात. आणि गुणसूत्रातल्या जागाही सहज निवडलेल्या नाहीत. ई. कोलायचे गुणसूत्र वर्तुळाकार असते आणि त्याची नक्कल एका ठरावीक बिंदूपासून सुरू होऊन दोन्ही बाजूंनी पुढे सरकते. बिंदूच्या जवळच्या जनुकाच्या दोन प्रती आधी होतात, दूरच्याच्या उशिरा. दोन रंग वेगवेगळ्या अंतरावर ठेवले असते तर काही काळ एकाच्या दोन प्रती आणि दुसऱ्याची एक अशी विषमता आली असती, आणि ती आतल्या चढउतारासारखी दिसली असती. म्हणून दोन्ही जनुके त्या बिंदूपासून सारख्याच अंतरावर, पण विरुद्ध बाजूंना बसवली. नक्कल दोघांपाशी जवळपास एकाच वेळी पोहोचते. निबंधात या गोष्टीला फार जागा दिलेली नाही. पण प्रयोगाचे सगळे बळ या निवडीत आहे, आणि मला स्वतःला निबंधातली ही जागा सर्वांत आवडते.

एका समईत दोन वाती लावल्या आहेत असे समजा. तेल तेच, वारा तोच. झुळूक आली तर दोन्ही ज्योती एकदम वाकतील. एखादी ज्योत मात्र शेजारणीला सोडून एकटीच फडफडली, तर कारण वाऱ्यात नाही आणि तेलातही नाही. ते त्या वातीपाशी आहे. पेशीतल्या दोन रंगांचेही तसेच. दोन्ही एकत्र वर गेले, एकत्र खाली आले, तर तो पेशीचा चढउतार. एक वर आणि एक खाली, तर तो जनुकाचा. दुसरा रंग हा पहिल्याचा साक्षीदार आहे, आणि तो त्याच पेशीत, त्याच क्षणी हजर आहे. एरवी प्रयोगात तुलनेसाठी वेगळा गट ठेवावा लागतो. इथे प्रत्येक पेशी स्वतःचीच तुलना घेऊन आलेली आहे.

आता ते छायाचित्र पुन्हा बघा. त्यात निळसर प्रथिन हिरव्या रंगाने दाखवले आहे आणि पिवळे प्रथिन लाल रंगाने. दोन्ही सारखी असली की लाल आणि हिरवा मिसळून पेशी पिवळी दिसते. म्हणजे चित्रातला पिवळा रंग पिवळ्या प्रथिनाचा नाही, तो समतोलाचा आहे. सगळ्या पेशी पिवळ्या, पण काही उजळ आणि काही मंद, असे दिसले असते तर सगळा फरक बाहेरचा ठरला असता. लाल आणि हिरव्या पेशी दिसतात याचा अर्थ एकाच पेशीतल्या दोन जुळ्या जनुकांचेही एकमत नाही. निबंधाने वाचकासमोर पुरावा असा थेट ठेवला आहे.

मग गणित. प्रत्येक पेशीतल्या दोन रंगांच्या तीव्रतांची वजाबाकी करा, तिचा वर्ग करा, सगळ्या पेशींवर सरासरी घ्या आणि दोन्ही रंगांच्या सरासरींच्या गुणाकाराच्या दुपटीने भागा. हा आतल्या चढउताराचा वर्ग. आता दोन्ही तीव्रतांच्या गुणाकाराची सरासरी घ्या, तिच्यातून सरासरींचा गुणाकार वजा करा आणि त्याच गुणाकाराने भागा. हा बाहेरच्या चढउताराचा वर्ग. दोन्ही वर्गांची बेरीज म्हणजे एकूण चढउताराचा वर्ग. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू आणि कर्ण यांचे नाते जसे, तसेच हे. निबंधातला एक आलेख हेच डोळ्यांना दाखवतो: आडव्या अक्षावर एक रंग, उभ्यावर दुसरा, प्रत्येक पेशीचा एक ठिपका. ठिपक्यांचा ढग कर्णाच्या दिशेने लांबतो तितका बाहेरचा चढउतार मोठा, कर्णाच्या आडवा पसरतो तितका आतला. तो आलेख मला छायाचित्राइतकाच देखणा वाटतो.

निष्कर्षांपैकी दोन विशेष लक्षात राहतात. दमनकारी प्रथिन असलेल्या पेशींना आयपीटीजी हे चालना देणारे रसायन वाढत्या मात्रेत दिले, तसे जनुक जास्त चालू लागले आणि आतला चढउतार सतत कमी होत गेला. हे अपेक्षितच होते. रेणू वाढले की योगायोगाचा वाटा घटतो. बाहेरचा चढउतार मात्र तसा वागला नाही. तो आधी वाढला, मधल्या मात्रेला सर्वांत जास्त झाला आणि मग उतरला. भरपूर रसायन असले की दमनकारी प्रथिन पेशीत कमी आहे की जास्त याला महत्त्व उरत नाही. मधल्या मात्रेला मात्र जनुकाचा कल त्या प्रथिनाच्या संख्येवर ठरतो, आणि ती संख्या पेशीगणिक बदलते. सरासरी पाहणाऱ्याला ही टेकडी कधीच दिसली नसती. दुसरा निष्कर्ष रेकए या जनुकाचा. नक्कल अडकली तर ती पुन्हा सुरू करून देण्यात या जनुकाचा हात असतो. ते काढून टाकलेल्या पेशींत आतला चढउतार बराच वाढला. लेखकांचे सावध स्पष्टीकरण असे की नक्कल मध्येच अडकल्याने गुणसूत्राच्या दोन बाजूंच्या प्रतींची संख्या काही काळ जुळत नसावी. म्हणजे ज्या विषमतेपासून बचावासाठी जागा इतक्या निगुतीने निवडल्या होत्या, तीच इथे वेगळ्या वाटेने डोके वर काढते.

या निबंधाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो एका क्षणाची छायाचित्रे वाचतो. काळ त्यात नाही. चमकणारे प्रथिन तयार व्हायला वेळ लागतो आणि झाले की ते सहज नष्ट होत नाही. त्यामुळे जनुकाची क्षणाक्षणाची धडपड त्यात पुसट होते. आणि ‘बाहेरचा’ या नावाखाली रायबोसोमपासून पेशीच्या वयापर्यंत सगळेच जमा झाले आहे. त्यातले कोण किती, हे दोन रंग सांगू शकत नाहीत. माझ्या मते ही त्रुटी नव्हे. लेखकांनी जे दोन भाग खात्रीने वेगळे करता येतात तेवढेच केले आणि तिथे थांबले. हे थांबणे मला फार मोलाचे वाटते.

पुढचे काम लवकरच झाले. २००४ मध्ये जोनाथन रेझर आणि एरिन ओ’शे यांनी हीच दोन रंगांची युक्ती यीस्टमध्ये वापरली. २००५ मध्ये एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी वाढत्या पेशींचे चलच्चित्र घेऊन काळही मोजला: आतला चढउतार दहा मिनिटांच्या आत विरतो, बाहेरचा सुमारे ४० मिनिटे टिकतो, म्हणजे साधारण एका पेशीचक्राइतका. पेशीला वाईट दिवस येतो तो पाऊण तासाचा असतो. जनुकाचा एखादा झटका काही मिनिटांत विसरला जातो. त्याच वर्षी इडो गोल्डिंग आणि सहकाऱ्यांनी प्रथिन होण्याची वाट न पाहता थेट आरएनएलाच चमकता बिल्ला लावला आणि जिवंत ई. कोलायमध्ये आरएनए झटक्याझटक्याने बनताना पाहिला. जनुक मधूनच जागे होते, काही प्रती काढते आणि पुन्हा गप्प बसते.

हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही. जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये नोंदवले होते की पेनिसिलिनने जिवाणूंची वसाहत मारली तरी थोडे जिवाणू उरतात, आणि त्यांची संतती पुन्हा पेनिसिलिनने मरते. म्हणजे ते प्रतिकारक्षम झालेले नसतात, त्यांचे जनुकसंच बदललेले नसतात. ते फक्त त्या वेळी वेगळ्या अवस्थेत असतात. नताली बालाबान आणि लाइब्लर यांच्या गटाने २००४ मध्ये अशा पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पाहिल्या: औषध येण्याआधीपासूनच त्या वाढ मंदावून बसलेल्या होत्या. क्षयरोगाचे औषध खोकला थांबल्यावरही महिनोन् महिने घ्यावे लागते, त्यामागे अशा चिवट जिवाणूंचा मोठा वाटा मानला जातो. आपल्या देशात हे औषध अर्धवट सोडणारी घरे पुष्कळ आहेत. एकसारख्या दिसणाऱ्या पेशी एकसारख्या नसतात, ही गोष्ट त्यांच्या आयुष्याशी जोडलेली आहे.

माझी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना, आणि त्याहून जास्त त्यांच्या प्राध्यापकांना, विनंती आहे की हा मूळ निबंध वर्गात एकत्र वाचावा. पाने चारच आहेत. त्यातले मुख्य समीकरण बारावीच्या गणितात बसते: दोन रंगांच्या फरकाच्या वर्गाचा निम्मा भाग घ्या, त्यात दोघांचा गुणाकार मिळवा आणि काय उरते ते वहीवर स्वतः सोडवून पाहा.